एक कोयता



यंदा माझी एकसष्ठी झाली. सगळे म्हणाले, "नियमाने राहता म्हणून तब्येत टिकली." सूर्यास्ताआधी जेवण, गाळून उकळलेलं पाणी, दशलक्षणात उपवास. मलाही ते माझंच कर्तृत्व वाटायचं.

आमच्या उसाला बीडहून टोळी येते. गेल्या हंगामात टोळीतली एक बाई पाणी मागायला आली. कमरेत वाकलेली. मी म्हटलं, "बसा मावशी." ती हसली. "मला अडतिसावं चालू हाय, ताई."

तिची पिशवी तिसाव्या वर्षीच काढली होती. पण दुखणं त्याआधीच सुरू झालं होतं. आईबापांबरोबर फडात जायची, म्हणून शाळा सुटली. पंधराव्या वर्षी लग्न, कारण उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीला, 'एक कोयता' म्हणून. बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर मोळी. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जाऊ लागलं, पण खाडा केला की पैसे कापले जायचे. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. ऑपरेशनलाही उचलच घेतली, आणि ती फेडायला पुन्हा फड.

२०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. मी कॉमर्सची, लगेच भागाकार केला. सहा जणींत एक. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. साठीत मी जिना चढते, ती चाळिशीआधीच वाकली.

रात्री गाडी भरून झाल्यावर जी भाकरी थापते, तिला सूर्यास्ताआधी जेव कोण सांगणार? माझे नियम पाळायला घर होतं, गॅस होता, सवड होती. आणि ते सगळं उसाच्या बिलातून आलेलं.

"ज्याचं त्याचं कर्म" असं आपल्यात सहज म्हणतात. पण कर्मसिद्धांत स्वतःचं दुःख सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. मुंगी मरू नये म्हणून पाऊल जपून टाकतो, आणि आपल्याच बांधावरची बाई दिसत नाही?

यंदा ह्यांना सांगून फडाजवळ पत्र्याचं न्हाणीघर आणि संडास बांधला, पाण्याची टाकी ठेवली. आमच्या रानात पाळीच्या दिवसांत कुणी बसली, तर तिचा खाडा आम्ही भरतो. उचल काही यानं संपत नाही, हे मला कळतं.

क्षमावाणीला दरवर्षी नातेवाइकांना फोन करते. यंदा पहिला फोन तिला केला.