चार महिन्यांची बाग

काष्ठौषधींच्या दुकानात ‘पाषाणभेद’ मागितलं, की दुकानदार सुरकुतलेल्या तपकिरी मुळांचे तुकडे कागदात बांधून देतो. मुतखड्यावरचं हे औषध चरकानं मूत्रविरेचनीय गणात घेतलं आहे. मुळं येतात हिमालयातून, बर्जिनिया नावाच्या रुंद पानांच्या झाडाची. गंमत अशी, की या झाडाच्या कुळाचं लॅटिन नावही दगड फोडण्यावरूनच पडलं आहे. सॅक्सम म्हणजे खडक, फ्रान्गेरे म्हणजे फोडणं; त्यावरून सॅक्सिफ्रागा. युरोपातल्या एका सॅक्सिफ्रागाच्या बुडाशी खड्यांसारखे बारीक कंद असतात, त्यामुळे तिकडचे वैद्यही ती मुतखड्यावर देत.

पोटातल्या खड्याचं वैद्यांनी बघावं. माझा संबंध बाहेरच्या दगडाशी. खर्डीजवळ माझी लहानशी रोपवाटिका आहे आणि फार्महाऊसवाल्यांना खडकबागा करून देणं हा माझा धंदा. इतकी वर्षं कातळाशी बसून मला एवढं नक्की कळलं, की यातलं कुठलंही झाड दगड फोडायला जात नाही. आधीच फुटलेली जागा ते शोधतं.

गिऱ्हाईक येतं ते फोटो घेऊन. आल्प्समधला करडा खडक, त्यावर उशीसारखी गच्च बसलेली सॅक्सिफ्रागा, उशीभर फुलं. “असंच करा.” त्या फोटोचा मोह मलाही कळतो. या वंशात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. रुपेरी गटातल्यांच्या पानांच्या कडांना सूक्ष्म छिद्रं असतात; त्यांतून चुन्याचं पाणी झिरपतं, ते सुकलं की पानाला पांढरी किनार उरते. पिरेनीज पर्वतातली लॉन्जिफोलिया कित्येक वर्षं पानांचं एकच चक्र वाढवत राहते, मग फुलांचा भलामोठा तुरा काढते आणि मरते. तिला पिलं फुटत नाहीत. तिचा कॅलोसा या दुसऱ्या जातीशी संकर करून ‘टम्बलिंग वॉटर्स’ तयार झाली. तिचंही फुललेलं चक्र मरतं, पण बाजूला पिलं उरतात. केळीच्या खुंटासारखंच.

एकदाच फुलून मरायचं हे कौतुक आपल्याला नवं नाही म्हणा. ज्या कारवीचे कूड ठाकरांच्या घरांना असतात, ती सात-आठ वर्षं नुसती पानांवर काढते, एका पावसाळ्यात डोंगर जांभळा करते आणि वाळून जाते. बोरिवलीच्या जंगलात ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. पण “कारवी लावू का?” असं विचारलं, की गिऱ्हाईक विचारतं, “फूल कधी?” सात वर्षं म्हटलं की विषय संपतो.

हौसेनं मीही एकदा हिमाचलातून सॅक्सिफ्रागाची तीन रोपं आणि एक बर्जिनिया आणली होती. सावली दिली, खाली खडी दिली, मे महिन्यात ओलं गोणपाट टांगलं. सॅक्सिफ्रागा जूनही बघू शकल्या नाहीत. त्यांना दिवसाचं ऊन एक वेळ चालतं, रात्र मात्र गार लागते; आमच्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही कातळ कोमट असतो. उशी आतूनच काळी पडून कुजते आणि वरून हिरवी दिसत राहते, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. बर्जिनियानं तेवढा जून पाहिला, श्रावण नाही.

रेजिनाल्ड फॅरर हा इंग्लंडातला खडकबागांचा मोठा जाणकार. त्याचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९१९ साली निघाला. मातीच्या ढिगावर दगड खोचून ठेवणाऱ्यांची त्यानं बदाम टोचलेल्या पुडिंगशी तुलना करून टर उडवली होती. आपल्याकडे बेदाणे लावलेले लाडू म्हणावेत. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना असे लाडू पुष्कळ आहेत, वर सिमेंटचा बगळा.

चेक माळ्यांची रीत वेगळी. ते कपच्या उभ्या, एकमेकींना चिकटवून रचतात. झाड बोटभर फटीत, मूळ खोल, मान कोरडी. रीत थंड देशातली, पण उपयोगी पडली आम्हाला. शंभर इंच पावसात खरी अडचण पाणी मिळण्याची नसते, ते निघून जाण्याची असते. आमचा काळा पाषाण पाटीसारखा चिरत नाही, म्हणून मी खाणीवरचा डबर निवडून त्याची चपटी अंगं समोरासमोर उभी करतो. फटीत मुरूम, त्यात मूठभर कुजलेला पाला. शेणखत नाही. खत दिलं की तेरडा माजतो आणि बाकीचे मरतात.

लावायचं काय, ते माहुलीच्या कड्याकडे आणि नाणेघाटाच्या वाटेवर बघून ठरवलं. नाभाळी, सोनकी, पाझरत्या कपारीतला रानबिगोनिया, पानफुटी, शेवाळात रुजणारे नेचे. अभयारण्यातून काडीही आणत नाही. रस्त्यांसाठी आणि खाणींसाठी कातळ फुटतो, त्या ढिगाऱ्यात कंद उताणे पडलेले असतात, ते वेचतो, बाकी बियांवर. नाणेघाट चढून पलीकडे शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला मिळालं. मांसल फांद्या, पावसाळ्यापुरती पानं, आणि पिवळे ठिपके असलेली गडद लाल चांदणी. ही कड्यावरून उपटायची नाहीच. वाढवलेल्या रोपाची फांदी मिळाली तर ती सहज रुजते.

आणि मग ऑक्टोबर. दसऱ्यापर्यंत सोनकी उतरते, नाभाळी जमिनीत जाते, खडकावरचं गवत तपकिरी होतं, आणि फोन येतो: “अहो, सगळं मेलं.” मेलेलं नसतं. कातळावरची काही गवतं आणि नेचे पार कोरडे होऊन कुरकुरतात आणि पहिल्या पावसात तीच पानं पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पती नोंदवल्या. त्याआधी नऊच ठाऊक होत्या. हे मी फोनवर सांगतो. पलीकडून “पण पाहुणे डिसेंबरमध्ये येतात” असं उत्तर येतं.

एका गिऱ्हाइकानं तर माळ्याला सांगून हिवाळाभर रोज पाणी घालायला लावलं. झोपलेले कंद त्या पाण्यानं सडले. पैसे परत मागितले, मी अर्धे दिले. माझ्याकडे काम करणाऱ्या ठाकर मावशींना ही हकिगत सांगितली तर त्या म्हणाल्या, “निजलेल्या पोराला कोण भरवतं व्हय?” आता हिशेबाच्या कागदावर मी आधीच लिहून देतो: ही बाग चार महिन्यांची आहे, उरलेले आठ महिने दगड बघावेत.

चुना मागणाऱ्या झाडांसाठी मात्र अजून माझ्याकडे जागा नाही. आमच्या कातळात चुना तुटपुंजा, तो सापडतो जुन्या बांधकामात. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली. या मार्गावरच्या जुन्या दगडी भिंतींच्या दरजांमध्ये चुना आहे आणि त्यात लांब पात्यांचा एक नेचा हटकून उगवतो. रुपेरी सॅक्सिफ्रागाइतकाच चुन्याचा शौकीन. गेल्या वर्षी अशीच एक भिंत साफ होताना पाहिली. कामगारानं खुरप्यानं सगळा नेचा खरवडला आणि सांध्यांत सिमेंट भरलं. दोन सांधे राहून गेले होते. जुलैत जाऊन पाहिलं, तर दोन्ही हिरवे.