दहावीतून निघणारी वाट

बासरच्या सरस्वतीपुढे लेकराचा पहिला अक्षर-संस्कार करायचा, ही नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली-धर्माबाद भागातल्या कितीतरी घरांची रीत आहे. त्याच बासरात दहावी झालेल्या मुलांना थेट अभियांत्रिकीसाठी घेणारं विद्यापीठ आहे, हे मात्र पालकांना सांगावं लागतं. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, आणि दर जूनमध्ये हे सांगत असतो.

२००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने कायदा करून हे विद्यापीठ काढलं. लोक त्याला ‘ट्रिपल आयटी’ म्हणतात. प्रवेश दहावीच्या निकालावर. मग दोन वर्षं पूर्वपदवी आणि चार वर्षं बी.टेक., सगळं एकाच निवासी आवारात. सरकारी शाळेतल्या मुलांच्या श्रेणीगुणांत ०.४ची भर घालण्याची पद्धतही त्यांनी आणली. जिथे प्रयोगशाळा नाही, शिकवणी नाही, तिथे मिळवलेल्या गुणांचं मोल अधिक धरायचं, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण बासर आता तेलंगणात आहे, आणि तिथल्या बहुतेक जागा तेलंगणच्याच मुलांसाठी आहेत.

मग आपल्या मुलांनी काय करायचं? ऐपत असली की पोराला बारावी आणि सीईटीच्या शिकवणीसाठी लातूरला ठेवतात. ज्यांना खोलीभाडं आणि शिकवणीची फी झेपत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडेही दहावीतून निघणारी वाट आहे: तीन वर्षांचा डिप्लोमा, मग ‘डायरेक्ट सेकंड इयर’. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा डिप्लोमाच्या गुणांवर. सीईटी कुठेच आड येत नाही. बारावी करून गेलं तरी सहा वर्षं, डिप्लोमा करून गेलं तरी सहाच. शिवाय तिसऱ्या वर्षाअखेर हाती पदविका असते. घरची अडचण आली, तर तिच्या बळावर कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी अर्ज करता येतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर तो करता येत नाही.

तरीही ‘बारावी झेपली नाही म्हणून डिप्लोमा’ असं बोललं जातं, ते मला मान्य नाही. या वाटेवरची खरी अडचण गणिताची आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित या मुलांना मिळत नाही, आणि दुसऱ्या वर्षात लाप्लास रूपांतर समोर येतं. चांगले गुण मिळवून गेलेली मुलं तिथे अडतात. म्हणून माझं सांगणं असतं, डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत कलन आणि आव्यूह पक्के करा. आणि पदवीचा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून गेलात, तर शासनाची शुल्क सवलत हातची जाते.

पण गणिताची ही तयारी मुलांनी एकट्याने का करावी? नांदेडला विष्णुपुरीत १९८१पासून श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, जिल्ह्यात तंत्रनिकेतनं आहेत. पदविका आणि पदवी यांना जोडणारा, गणिताचा सांधा नीट बसवलेला, सहा वर्षांचा एकसंध निवासी अभ्यासक्रम इथेच सुरू व्हावा. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्या मुलांना अधिक गुणभार द्यावा. शेजारच्या राज्याने गावातल्या मुलांवर हा विश्वास २००८ साली टाकला. मराठवाड्यातली मुलंही त्याच विश्वासाची हक्कदार आहेत.