पांढरी एकचा पंचम

परदेशी परीक्षणांत फोनो स्टेजची कसोटी लागते ती जॅझमधल्या झांजांवर आणि ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनांवर. माझ्या कपाटात या दोन्हींच्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळीकडे तळाशी तंबोरा वाजतो आहे. तेव्हा व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि फोनो स्टेज घ्यायचं ठरल्यावर मी ती परीक्षणं मिटून ठेवली. जो डबा तंबोरा नीट वाजवील तो आपला.

ही मागणी वाटते तितकी साधी नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट, टॉर्चच्या एका सेलच्या तीनशेव्या भागाइतके. फोनो स्टेजने ते शंभरेक पट करायचे. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या खाचा शेजारणीत घुसतील आणि नाजूक स्वर खरखरीत बुडतील. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए वळणाप्रमाणे वाजवताना हे सगळं उलटं फिरवावं लागतं. म्हणजे १००० हर्ट्झच्या मानाने १०० हर्ट्झ जवळजवळ साडेचार पट जास्त वाढवायचा. आणि नेमकी तिथेच आपली वीज टपून बसलेली असते. ती ५० हर्ट्झची. तिची डीसी केली की मागे उरलेली लहर १०० हर्ट्झची.

आता पांढरी एकमध्ये लावलेला तंबोरा घ्या. जोडीचा सा १३०.८ हर्ट्झ, त्याखालचा पंचम ९८. पॉवर सप्लायची गुणगुण १०० वर. दोन स्वर इतके लगटून आले की त्यांच्यात हेलकावे उठतात, सेकंदाला दोन. गवई शांतपणे षड्ज लावतो आहे, मागे पंचमाची तार छेडली जाते आणि ती झुलायला लागते. ऐकणाऱ्याला वाटतं तंबोरा उतरला. मागे बसलेल्या शिष्याचा काही दोष नसतो, दोष फिल्टरच्या कंडेन्सरचा असतो. ड्रम वाजत असताना ही गुणगुण कुणाला सापडणार?

उल्हासनगरातल्या एका दुकानदाराला हे सांगताना मला वाटलं होतं की तो हसेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत वसलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर, पत्त्यात अजून कॅम्पचा नंबर लागतो. तिथे काय बनत नाही! या माणसाचं काम ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं. तो हसला नाही. म्हणाला, "साईं, वाल बाद में देखो. पहले ट्रान्सफॉर्मर अलग डब्बे में डालो." पुढे त्याने तीन अटी घातल्या: फिलामेंटला डीसी, सप्लायमध्ये चोक, आणि अर्थिंग एकाच जागी. रिकाम्या प्लेअरवर बटण पूर्ण चढवायचं आणि स्पीकरला कान लावायचा, ही परीक्षाही त्याचीच. जाताना बजावलं ते असं की बंद केलेल्या डब्यातही कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट शिल्लक असतात, बोट घालायचं नाही.

हौशी माणसाचा पैसा मात्र व्हॉल्व्हवर जातो. जुने मलार्ड, टेलिफुंकेन यांच्या किमती ऐकवत नाहीत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी ईसीसी ८३ बनवले आणि त्यांनाही आता शौकीन शोधत फिरतात. माझं मत विचाराल तर फोनो स्टेजमध्ये व्हॉल्व्हचं घराणं नंतर, आधी तो कुरकुरतो का ते बघावं. पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखी आली तर तो परत करा. घरासमोरून ट्रक गेला तरी असला व्हॉल्व्ह बोलतो.

आणि व्हॉल्व्हची ती प्रसिद्ध गोडी? त्यात गूढ काही नाही. व्हॉल्व्ह मूळ स्वरात थोडी भर घालतो, ती मुख्यतः दुपटीच्या कंपनांची. सा वाजला की वरचा सा. तिपटीची भर पडली तर त्याच्याही वरचा पंचम. तंबोऱ्याच्या तारेतून हे स्वर आपसूकच निघतात, म्हणून कान ही लबाडी खपवून घेतो. पण प्रमाण वाढलं की दोन तारांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच स्वर निपजतात आणि जवारी चिखलते. दुकानात ज्या डब्याला सगळे 'वा' म्हणाले, त्याच्यावर मला तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या ऐकूच आल्या नाहीत. आरआयएएचं एक वळण २१२२ हर्ट्झवर आहे, जवारीच्या ऐन मुलखात. तिथे अर्ध्या डेसिबलची चूक झाली तरी जवारीचा दोरा सरकल्यासारखं होतं.

जुन्या ७८ च्या तबकड्यांचं तंत्र निराळं. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, तेव्हा आरआयएए जन्मायचं होतं. त्यांची तबकडी आजच्या वळणाने वाजवली की वरचे स्वर नाहक कापले जातात आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. वळण बदलायचा खटका आणि ७८ ची जाड सुई, दोन्ही हवीत. असा खटका असलेले डबे कमी, म्हणून माझी यादी आपोआप आखूड झाली.

प्रीअँपपाशी फार रेंगाळायचं कारण नाही. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो, पॉवर अँपला एक-दीड पुरतो, मग वाढवायचं काय? शंभर पटींच्या ईसीसी ८३ ऐवजी सतरा पटींचा ईसीसी ८२ असलेला, चांगल्या व्हॉल्यूम कंट्रोलचा साधा प्रीअँप पुरे. वाचलेले पैसे ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात.

शेवटची तुलना घरीच करायची आहे, आणि घर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या बाजूला. शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ. गाभारा मंडपाहून बराच खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. सकाळी गर्दी नसताना तिथे कुणी खर्जात ओंकार लावला तर तो अंगाला लागतो. यादीत उरलेले दोन्ही डबे मागवलेत, पण दुकानदाराला महाशिवरात्रीनंतर पाठवायला सांगितलं आहे. जत्रेच्या दिवसांत इथे इतके कर्णे लागतात की कुठलाही फोनो स्टेज पास होईल.