दूधगंगेकाठचा तांबडा दगड

कागल मागे टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की पुणे-बंगळूर हमरस्त्यावर कोगनोळी येते. महाराष्ट्राकडून येणाऱ्यास कर्नाटकाचा आरंभ येथेच होतो. २०२१ मध्ये, महामारीच्या दिवसांत, याच सीमेवर प्रवाशांचे कागद तपासले जात. लग्नकार्यास निघालेली माणसे खोळंबत. नदी मात्र वाहतच होती.

ही नदी ज्या डोंगरांतून येते ते पाहावेत, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही निपाणी, मुरगूड, मुदाळतिट्टा या वाटेने राधानगरीच्या मुलखात गेलो. दुर्गमानवाडीच्या बाजूस उघडी, तांबडी पठारे दिसतात. काळ्या पाषाणातील वाळूचा अंश लक्षावधी वर्षांच्या पावसाने धुऊन नेला. मागे लोखंड व अल्युमिनियम राहिले. तेच हे बॉक्साइट. महाराष्ट्राच्या या डोंगरांतील दगड कर्नाटकात, बेळगावच्या कारखान्यात जात आला आहे. तेथे तो दळून ऊन कॉस्टिक सोड्यात विरघळवितात, तांबडा गाळ वेगळा काढतात आणि पांढरीशुभ्र अल्युमिना मिळवितात. साधारणतः चार टन बॉक्साइटापासून दोन टन अल्युमिना व तिच्यापासून एक टन धातू, असा हा हिशेब असतो.

आमची आजी अल्युमिनियमच्या पातेल्यास ‘जर्मन’ म्हणे. दगड आपल्या डोंगरातला, नाव परक्या देशाचे! यातील विनोद सोडला तरी एक बोध उरतो. नुसता साठा जमिनीत असणे म्हणजे सामर्थ्य नव्हे. गॅलियमचेच पाहा. रडार, दिवे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांना लागणाऱ्या या धातूची सहसा स्वतंत्र खाण नसते; अल्युमिना काढताना उरणाऱ्या त्याच सोड्याच्या द्रावातून तो मुख्यत्वे मिळवावा लागतो. जगातील बहुतेक गॅलियम चीन तयार करतो. ऑगस्ट २०२३ पासून त्याने निर्यातीस परवान्याची अट घातली, आणि मोठमोठ्या राष्ट्रांची धावपळ उडाली. भारतानेही त्याच वर्षी महत्त्वाच्या ३० खनिजांच्या यादीत गॅलियमचा समावेश केला. आपला दगड शेवटच्या कणापर्यंत वापरण्याची विद्या आपल्याच कारखान्यांत रुजली, तरच अशा प्रसंगी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

परंतु या हिशेबात आणखी एक रकाना हवा. हीच सच्छिद्र पठारे पावसाचे पाणी पोटात धरतात आणि पावसाळा सरल्यावर झऱ्यांवाटे सोडतात. खोदलेले पठार मातीने भरून झाडांनी झाकले नाही, तर देशास धातू मिळेल, पण पायथ्याची विहीर आटेल. ती किंमत मालाच्या भावातच धरली पाहिजे. गावकऱ्यांच्या माथी मारता कामा नये.

परतताना कोगनोळीच्या पुलावर आम्ही क्षणभर थांबलो. दगड एका राज्याचा, कारखाना दुसऱ्याचा आणि पाणी दोघांचे. सीमेवर आयुष्य काढलेल्या आम्हा मंडळींना हे कुणी वेगळे समजावून सांगावयास नको. राज्यकर्त्यांनीही हा हिशेब एकत्र बसून मांडावा, एवढीच आमची अपेक्षा.