बग कुणाचा?

हे उमरीतून लिहितोय. काल गाडी रखडली, त्यामुळे पु.लं.चं 'राजा ओयदिपौस' वाटेतच वाचून संपलं. सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकाचं मराठी रूप. वाटलं, गर्वाचं घर खाली, एवढंच सांगायला अख्खं नाटक कशाला?

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात आजोबांना म्हटलं, "आपल्याकडे पण असा एक होऊन गेला की. कासिम रझवी!"

झालं, आजोबांची कळी खुलली. ३० जानेवारी १९४८ला मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. रझाकारांचा विषय निघाला की झोप विसरायची. रझवी लातूरला वकिली करायचा. पुढे रझाकारांचा म्होरक्या झाला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा लावायच्या गर्जना! १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला. रझवी तुरुंगात गेला, १९५७ला सुटला आणि पाकिस्तान गाठलं.

"म्हणजे शोकांतिकाच की," मी म्हटलं.

"कशाची शोकांतिका? शोक केला कुणी त्याचा?"

मी गप्प. अ‍ॅरिस्टॉटल हेच तर म्हणतो! दुष्ट माणूस आपटला की बरं वाटतं, पोटात कालवत नाही. कालवतं ते आपल्यासारखाच, बऱ्यापैकी चांगला माणूस एका चुकीपायी कोसळला की.

ओयदिपौसला गर्व होता तो हुशारीचा. स्फिंक्सचं कोडं सोडवून त्याने थीब्ज वाचवलेलं. शहरात साथ आली तेव्हा त्याने जाहीर केलं, आधीच्या राजाचा खुनी शोधणार आणि हद्दपार करणार. आंधळा टायरेसियस सांगतो, 'तूच तो', तर हा त्याच्यावरच कटाचा आरोप करतो. पण तपास थांबवत नाही. बायको विनवते, तरी नाही. आणि खुनी आपणच निघाल्यावर पळ काढत नाही. स्वतःचे डोळे फोडतो आणि हद्दपारी मागून घेतो. शहर वाचवणारा हट्टच त्याला बुडवतो, आणि तोच त्याला मोठाही करतो.

इथे मला जरा घाम फुटला, खरं सांगतो.

दोन आठवड्यांपूर्वी रिलीजच्या रात्री आमची सिस्टीम कोसळली. डिबगिंग करावं तर मीच, हा माझा जुना समज. सगळ्यांसमोर गरजलो, "ज्याने हे केलंय त्याला सोडणार नाही." नवा पोरगा हळूच म्हणाला, "दादा, ते तारखेचं जुनं फंक्शन बघू का?" मी म्हटलं, "तू तुझं बघ." पहाटे तीनला कोडचा इतिहास काढला. तेच फंक्शन. त्या ओळीपुढे माझंच नाव, तीन महिन्यांपूर्वीचं.

गुपचूप दुरुस्त केलं. मेल टाकला, 'प्रॉब्लेम सुटला'. कुणाचा होता, ते लिहिलंच नाही. सगळ्यांनी शाबासकी दिली, ती घेतली. त्या पोराने काहीच विचारलं नाही.

म्हणजे नाव सापडेपर्यंत मी ओयदिपौस होतो. पुढचा अंक मी केलाच नाही.

असो. उद्या सोमवार. सकाळच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे, आधी त्या पोराला, मग सगळ्यांना. इथे लिहून ठेवलंय, म्हणजे आता पळवाट नाही.