पडलेलं कोपर

खांदा दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी पॅडल्स बंद करायला लावली आणि माझं फ्रीस्टाइल उघडं पडलं. पॅडल्स असली की हात कसाही घाला, पाणी लागल्यासारखं वाटतं. मोकळ्या तळव्याला ती सवलत नाही. शंभर मीटरमध्ये पंचाहत्तरच्या पुढे माझं डावं कोपर पडतं. उजवीकडे श्वास घेताना पुढे असलेला डावा हात डोकं सावरायला पाणी खाली दाबतो. बोटं वळायच्या आत कोपरच मागे सरकतं आणि पाणी निसटतं. मुठी वळून पोहलो. स्नॉर्कल लावला, तेव्हा कोपर शहाण्यासारखं वागलं; काढला की पुन्हा तेच. डावीकडून श्वास घेतला, तर उजवं पडू लागलं.

माझ्या बॅचमधल्या एका शाळकरी मुलीचं कोपर मात्र शेवटच्या पाच मीटरमध्येही पडत नाही. विहिरीच्या कठड्यावर कोपर टेकून आत वाकावं, तसा तिचा हात पाण्यात उतरतो. “हे कसं करतेस गं?” विचारलं, तर म्हणाली, “काय कसं, सर?” मला आनंद व्हायला हवा होता, आधी हेवाच वाटला. अजूनही मी मुद्दाम तिच्या शेजारची लेन घेतो, पहिल्या पन्नासात पुढे राहतो आणि थांबतो. तिला वाटतं, सरांनी सोडून दिलं.

आमच्या पिढीचा देव अलेक्झांडर पोपोव. 1992 आणि 1996, दोन्ही ऑलिंपिकमध्ये 50 आणि 100 त्याचीच. लांब, निवांत स्ट्रोक. हल्ली सरळ हात फिरवून पाणी झोडपायला शिकवणारे प्रशिक्षक पाहिले की माझा पारा चढतो. वेग वाढवणारे खास सूट घालणाऱ्यांवरही चढायचा. 2009मध्ये रोमला सेझार सिएलोनं शंभरात 46.91ची वेळ दिली, तेव्हा ‘हा तर सूट पोहला’ म्हणणाऱ्यांत मी पुढे. 2010पासून ते सूट बंद झाले आणि विक्रम मात्र 2022पर्यंत हलला नाही; आपलंच खरं ठरलं म्हणून मी खूश. मग 2024ला पॅरिसच्या उथळ तलावात, साध्या कापडी सूटमध्ये, पान झानले 46.40 पोहला. गप्प बसलो. ती शर्यत अजून पुन्हापुन्हा लावतो, पंचाहत्तरनंतरचं त्याचं कोपर बघायला.

पालकांनो, गॅलरीतून स्टॉपवॉच लावणं सोडा. वेळ बोर्डावर दिसतेच. शेवटच्या लांबीत मुलाचं कोपर बघा. आणि पडलं, तर काठावरून ओरडू नका. त्याला ते तुमच्याआधी कळलेलं असतं.