जंग आणि गंज

उर्दू शाळेत इमला, म्हणजे श्रुतलेखन, घेताना एक शब्दजोडी आम्ही दरवर्षी हमखास देतो. लढाई या अर्थाचा 'जंग' जीमने लिहितात आणि गंज या अर्थाचा 'ज़ंग' ज़ेने. मुले हटकून गोंधळतात. मराठीत नुक्ता गाळला की दोन्ही शब्द सारखेच दिसतात. या दोन्ही शब्दांचे ओझे एकाच वेळी वाहणारी एक गाडी आमच्या आजोळी आहे. तिच्याविषयी चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख.

आमची नोकरी अमरावतीत, आजोळ अकोल्यात. मामू गाड्यांचे पत्राकाम करतात. नानांनी त्यांच्या काळी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक 'शक्तिमान' ट्रक घेतला. मागचा हौदा काढून तिथे गर्डरची क्रेन बसवली आणि तो रस्त्यावर उलटलेल्या गाड्या ओढण्याच्या कामाला लावला. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत तयार होत राहिला. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत त्याने फौजेची रसद वाहिली. कंपनीचे 'मान' हे नाव 'शक्तिमान' या शब्दात अलगद बसले आहे. १९९७ साली दूरदर्शनवर त्याच नावाची मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. मामूंच्या ट्रकचे नाव मालिकेवरून ठेवले आहे, अशी आमची पक्की समजूत होती आणि मित्रांत त्यामुळे मोठा रुबाब होता.

मूर्तिजापूरपासून बाळापूरपर्यंत कापसाच्या गाठींचा ट्रक कलंडला की रात्री-अपरात्री मामूंना निरोप यायचा. चारही चाकांना जोर असल्याने पावसाळ्यात काळ्या मातीत उतरूनही हा ट्रक बाहेर निघायचा. पुढे रस्ता बदलला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला, हे वाचकांना आठवत असेल. रस्ता चांगला झाला याचा आनंद सगळ्यांनाच झाला, मामूंनाही झाला. पण नव्या रस्त्यावर नव्या हायड्रॉलिक क्रेन आल्या आणि मामूंना निरोप येणे थांबले. ट्रक निंबाखाली उभा राहिला. दोन पावसाळ्यांत केबिनचा पायथा सडला. मामूंच्या मुलांचे म्हणणे सरळ होते. भंगारात किलोवर विकावा, जागा मोकळी होईल, तिथे दुकानाचे गाळे निघतील. त्यात गैर काही नव्हते. घर चालवायचे त्यांनाच आहे. मामूंनी एवढेच मागितले, "एक गर्मी दो मेरे को. केबिन बनी तो रखेंगे, नई बनी तो बेच डालो."

ती गर्मी २०२४ ची. मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा १४४ कलमाचा आदेश काढावा लागला होता. आम्हाला सुट्टी होती. फज्रनंतर काम सुरू करायचे आणि दहाच्या आत थांबवायचे, असा नेम ठरला. हाताखाली तीन मुले होती. तिघेही अठरा पूर्ण झालेले, त्यांतला एक आमच्याच शाळेतून दहावी होऊन पुढे आयटीआयला वेल्डिंग शिकलेला.

पहिले आठ दिवस मामूंनी काहीच जोडले नाही, नुसते ठोकून पाहिले. लहान हातोडीने पत्र्यावर टिचकी मारायची. चांगला पत्रा टण्ण बोलतो, सडलेला भद्द वाजतो. भद्द वाजले तिथे खडूने गोल. दरवाज्याच्या खालच्या अंगाला वरून रंग सफाईदार दिसत होता, पण सबंध पट्टी भद्द वाजली. खरवडल्यावर बोटभर जाडीची पुट्टी निघाली. कुणा पेंटरने पूर्वी कधीतरी भोकावर पुट्टी भरून, घासून, वर रंग मारून दिला होता. आत पाणी मुरत राहिले. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रंगाला फुगवतो आणि पत्र्याची दोन पदरे एकमेकांपासून उसवतो. मामू म्हणाले, "भांजे, पुट्टी से ज़ंग जाता नई, छुपता है. और छुप के दुगना खाता है."

मग कापाकापी. पण केबिन सरळ कापता येत नाही. पायथा काढला की वरचा सांगाडा झुकतो आणि मग दरवाजा जन्मात बसत नाही. आधी दोरीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापे घेतली, दरवाज्याच्या जागी आडवेतिडवे पाइप टाके मारून अडकवले, तेव्हा ग्राइंडर चालला. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून मामूंनी पोरांना रुमालावर भागवू दिले नाही, मास्क आणवले. सडका भाग कापायचा तो चांगला पत्रा लागेपर्यंत, त्याच्या अलीकडे थांबायचे नाही. सडक्या काठाला नवा तुकडा टिकत नाही, वेल्डिंगच्या आचेने तो काठच गळून पडतो. नव्या पत्र्याला डॉली आणि हातोडीने जुन्या तुकड्यासारखा बाक द्यायचा. वेल्डिंगही एका ओळीत ओढायचे नाही, पातळ पत्रा तापून पापडासारखा वाकतो. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचे. चाकाचे नट समोरासमोर आवळतात, तसे.

आम्ही हे सगळे वहीत उतरवत होतो. बी.एड.ला असताना 'करून शिकणे' या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती. इथे ते रोज सकाळी डोळ्यांसमोर चालले होते. मामूंनी यातले काही कधी लिहिलेले नाही, आणि त्यांच्यानंतर ते सांगणारा त्या गल्लीत दुसरा कुणी नाही.

आयटीआय झालेल्या मुलाशी बोलताना एक गोष्ट ध्यानात आली. त्याने शाळेत 'ज़ंग लगना' शिकले, आयटीआयत 'करोजन' ऐकले, मराठी पुस्तकात 'क्षरण' वाचले आणि मामूंकडे 'पत्रा सड गया' ऐकले. चारही शब्द त्याच्या डोक्यात चार वेगळ्या खणांत पडून होते. आयटीआयच्या वर्गात प्रश्न विचारला की तो गप्प बसायचा. येत नव्हते म्हणून नव्हे, विचारले ते आपल्याला ठाऊक असलेलेच आहे, हे त्याला कळत नव्हते म्हणून. उर्दू माध्यमातून पुढे जाणारी कितीतरी मुले इथेच अडतात. एके दिवशी आम्ही गंजाचा लाल भुगा त्याच्या तळहातावर ठेवला आणि चारही शब्द खडूने दरवाज्यावर लिहिले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ये तो एकच है."

मामू कोपऱ्याकापऱ्यांतला गंज मारायला फॉस्फरिक आम्लाचे पातळ पाणी लावतात. त्यावरून त्या मुलांना आम्ही दिल्लीच्या कुतुबमिनारजवळच्या लोहस्तंभाची गोष्ट सांगितली. सुमारे सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक राखण करणारा थर तयार झाला, असे त्यांनी दाखवले. मामूंची बाटली थोडेफार तेच काम करते. मामू ऐकत होते. म्हणाले, "मतलब हमारा नुस्खा पुराना है!"

आता आमच्या धंद्याचे थोडे. नववीच्या वर्गात अशी मुले येतात, ज्यांना धड एक परिच्छेद वाचता येत नाही. वरून गुणपत्रिका सफाईदार असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सैल झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परीक्षा म्हणजे मामूंची हातोडी. कुठे भद्द वाजते, एवढे ती सांगेल. पुढचे काम, म्हणजे चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जाणे, मग ती तिसरीची बाराखडी असो की दुसरीचा कायदा, हे वर्गातल्या माणसालाच करावे लागते. नववीच्या मुलाला पुन्हा अलिफ-बे काढायला बसवणे त्याला लाजिरवाणे वाटते, पालकांना राग येतो. पण पुट्टीचा एकच पावसाळा निभतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केबिनला रेड ऑक्साईड लागला. रंग कोणता द्यावा यावर घरात वाद झाला. दरवाज्याच्या आतल्या बाजूला जुना फौजी हिरवा सापडला होता, मुलांना तोच हवा होता, फोटोत शोभेल म्हणून. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला तो ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. मामूंनी क्रेनचा पिवळाच कायम ठेवला. फक्त दरवाज्याच्या आतला तळहाताएवढा जुना हिरवा त्यांनी घासू दिला नाही. तो तसाच आहे.

ट्रक विकला गेला नाही. तो फार कमावतो असेही नाही. महिन्यातून एखादे वेळी कुणाचा ट्रॅक्टर काढायला जातो. गाळ्यांचा विषय घरात अजून निघतो आणि निघत राहील. आयटीआयवाला मुलगा मात्र आता पत्राकामाचे स्वतंत्र ठेके घेतो, आणि गिऱ्हाईक मराठी असो की उर्दू, सडलेले काय आहे ते त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगतो.

रंग देण्याआधी मामूंनी एक काम स्वतः केले, कुणाला करू दिले नाही. केबिनच्या पायथ्याला कंपनीने पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. इतक्या वर्षांच्या चिखलाने ती बुजली होती, सडण्याची सुरुवात तिथूनच झाली होती. त्यांनी एकेक छिद्र तारेने मोकळे केले आणि नव्या पत्र्यालाही तशीच पाडली. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला. आम्ही शाळा उघडण्याआधी सामान घ्यायला अकोल्याला गेलो होतो. मामू छत्री न घेता ट्रकखाली वाकून बसले होते आणि छिद्रांखाली तळहात धरून पाणी टपटप पडते की नाही, ते एकेक तपासत होते.